सहा हजार पाचशे त्रेपन्न पॉइंट पाच

आकडे खोटं बोलत नाहीत, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मला फार आवडतात. त्यांना एकदा आमच्या पेरुंगुडीच्या ऑफिसात बोलवावं, फिल्टर कॉफी पाजावी आणि डेटाबेसचं झाकण उचलून आत डोकवायला लावावं, असं माझं जुनं स्वप्न आहे. आकडा बोलतो तो त्याला दिलेल्या जागेपुरताच. आणि ही जागा देणारी बाई म्हणजे अस्मादिक. सव्वीस वर्षं मी हेच करते आहे. सांगलीत आई शेजारणींना सांगते, "आमची चेन्नईत कंप्युटरमध्ये असते," आणि शेजारणी माना डोलावतात, जणू मी आत जाऊन बसलेली आहे. तशा त्या फारशा चुकत नाहीत.

माझं काम स्वयंपाकघरातलं समजा. कुठल्याही धंद्याची माहिती रकान्यांत साठवलेली असते. खोकी किती आली, भट्टी किती तापली, कोणाचं वय काय. रकाना करतानाच ठरवावं लागतं, की यात मोठ्यात मोठा आकडा केवढा येईल. म्हणजे भांडं आधी, पदार्थ नंतर. सगळ्यांत लहान भांड्यात शून्य ते दोनशे पंचावन्न मावतात. त्याच्या वरच्यात पासष्ट हजार पाचशे पस्तीसपर्यंत. त्याच्या वरच्यात चारशे कोटींच्याही पलीकडे. शिवाय अपूर्णांकांसाठी दोन वेगळी भांडी आहेत. एक सावकाश पण प्रामाणिक, जे लिहिलं ते तसंच ठेवणारं. दुसरं वाऱ्यासारखं पळणारं, पण विचारलं की "साधारण एवढंच होतं हो" म्हणणारं.

"मग सगळ्यांना मोठंच भांडं द्या की!" असं प्रत्येक नवं गिऱ्हाईक म्हणतं. पण यंत्र एकेक पदार्थ आणत नाही, ताटं भरून आणतं. भांडी लहान असली की एका ताटात जास्त बसतात, फेऱ्या कमी होतात आणि पडद्यावरचं ते गरगर फिरणारं चक्र लवकर थांबतं. वाटीभर सांबारासाठी कोणी बादली वाढत नाही. हे वाटी-बादलीचं गणित ज्याला जमलं त्याला आमच्या धंद्यात मान असतो. मला ते जमत होतं. जरा जास्तच जमत होतं.

एका गोदामाच्या मालकांची गोष्ट सांगते. त्यांच्याकडे आधी कोणी काम केलं होतं देव जाणे, पण प्रत्येक रकाना तीस आकडी, वर दहा दशांश स्थळं. मालाचा अहवाल मागितला की पहारेकरी खाली जायचा, इडली-वडा खायचा, हात धुऊन वर यायचा, तरी चक्र फिरतच.

मी विचारलं, "सर, गोदामात खोकी किती?"

"नऊ हजार."

"अर्धं खोकं असतं कधी?"

"छे! अर्धं कसं असेल?"

"मग दहा दशांश कशाला?"

ते खुर्चीतून उठले, तर्जनी छताकडे नेली आणि म्हणाले, "मॅडम, फ्यूचर!"

मी त्यांचं फ्यूचर कापून वाटीएवढं केलं. अहवाल डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आला. तर गृहस्थ हिरमुसले. "इतक्या लवकर? मग बरोबर असेल ना?" त्या दिवशी ऑफिसात मी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. आता वाटतं, बाकी काही नाही तरी त्यांचा हा एक प्रश्न बरोबर होता.

दुसरे एक गृहस्थ मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यातले व्यवस्थापक. त्यांच्याकडे वॉशरची वजनं त्या पळणाऱ्या, "साधारण"वाल्या भांड्यात ठेवलेली. पडद्यावर ढळढळीत ०.३ दिसतंय, पण ०.३ वजनाचे सगळे वॉशर दाखव म्हटलं की उत्तर: एकही नाही. कारण असं, की यंत्र अर्धा, पाव, अर्धपाव अशा हिशेबाने मोजतं आणि त्या मापात ०.३ कधीच पुरता बसत नाही. आपला एक तृतीयांश जसा दशांशात संपत नाही, तसंच. आत होतं ०.३ला चाटून जाणारं काहीतरी. व्यवस्थापकांचं निदान वेगळं होतं: दृष्ट लागली. मी पोचले तेव्हा सर्व्हरच्या खोलीपुढे कोहळा ठेवून त्यावर कापूर पेटवला होता. मी आत बसून रकाना बदलला आणि त्याच क्षणी बाहेर कोहळा फुटला. सगळे वॉशर हजर! कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या कोहळ्यासाठी. आजही नवरात्रातल्या आयुधपूजेला त्या दारापुढे फुटणारा कोहळा शहरातल्या इतर कोहळ्यांपेक्षा मोठा असतो, असं ऐकते.

हसून घ्या. असे पंधरा-वीस किस्से माझ्याजवळ आहेत आणि प्रत्येक दिवाळीला मी ते हावभावांसकट करून दाखवते. पण या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी या वेळी फोनवर एक वाकडा प्रश्न विचारला, "कधी तुमचं भांडं लहान पडलं का हो?" मी म्हटलं, "सांगते."

वेस्ट मांबलममध्ये, स्टेशनच्या गजबजाटापासून दोन गल्ल्या आत, मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली घरमालक, व्यंकोबराव आणि सरसाबाई. दोघं तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज दोन-तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि येताना आणलेली भाषा त्यांनी लोणच्यासारखी मुरवून ठेवली, मधूनमधून तमिळची फोडणी देत. पहिल्या दिवशी मी सामान घेऊन जिना चढत होते तर सरसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "कोठली तूं?" म्हटलं, सांगलीची. झालं. त्या दिवसापासून माझं नाव सांगली. "काय सांगली, जेवण जालें कां?" ही आमची रोजची सलामी. मी एकटी राहते, आणि जेवण जालें कां हे विचारणारं त्या शहरात दुसरं कोणी नव्हतं.

व्यंकोबराव रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीची सगळी वर्षं मालधक्क्यावरच्या वजनकाट्यावर काढलेली. भरलेली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, काट्यावर यायची, मोठ्या तबकडीवर सुई सरकायची, हे आकडा वाचून वहीत लिहायचे. बोलणं मोजकं. काहीही सांगितलं तरी शेवटी "सरी" म्हणायचे, म्हणजे तमिळमध्ये "ठीक". आनंद असो की दुःख, सरी.

याच सुमारास आमच्या कंपनीकडे रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचं काम आलं. नाव नको. तिची नमुने घेण्याची केंद्रं शहरभर होती, मुख्य जागा वेलचेरीला. तक्रार एकच, सकाळी अहवाल उघडायला पाऊण मिनिट लागतं. उपाशीपोटी आलेल्या माणसाला पाऊण मिनिट म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मी बाह्या सरसावल्या.

तपासणीचे सगळे निकाल त्या सावकाश, प्रामाणिक भांड्यात होते. मी पाहिलं, दशांशाच्या पुढे एकच घर वापरात आहे. मग दशांश हवाच कशाला? आकड्याला दहाने गुणा, पूर्णांक करून लहान भांड्यात ठेवा, दाखवताना दहाने भागा. ३७.२ आत ३७२ म्हणून झोपेल, बाहेर ३७.२ म्हणून उठेल. भांडं केवढं? इथे आमच्या जातीच्या लोकांची एक खोड सांगते. आम्ही माणसांना विचारत नाही, टेबलाला, म्हणजे रकान्यांच्या तक्त्याला, विचारतो. मी टेबलाला विचारलं, आजवरचा सर्वांत मोठा निकाल कोणता? उत्तर आलं, चार हजार आठशे आणि काहीतरी. दोन नंबरच्या भांड्यात पासष्ट हजार पाचशे पस्तीस मावतात, म्हणजे दहाने भागून सहा हजार पाचशे त्रेपन्न पॉइंट पाच. भरपूर झालं! त्या इमारतीत पांढरे कोट घातलेले डझनभर तंत्रज्ञ होते. त्यातल्या कोणालाही विचारलं असतं, तर त्याने यंत्रावरून मान न उचलता सांगितलं असतं, "मॅडम, काही तपासण्या लाखात जातात." मी त्या मजल्यावर गेलेच नाही.

आणखी एक गोष्ट केली. भांड्यापेक्षा मोठा आकडा आला तर डेटाबेस दोन प्रकारे वागू शकतो. एक, ओरडून नकार देतो आणि काम थांबवतो. दोन, भांड्यात मावेल तेवढं कोंबतो, काठोकाठ, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात इशारा लिहून ठेवतो, जो कोणी वाचत नाही. पहाटे यंत्रांकडून निकाल आत येताना भलत्याच किरकोळ कारणांनी ओरडा व्हायचा आणि सगळं अडायचं. म्हणून मी त्याला दुसऱ्या प्रकारावर ठेवलं. गप्प बस म्हटलं.

अहवाल दोन सेकंदांत उघडायला लागला. प्रयोगशाळेने समारंभ केला आणि इथल्या रिवाजाप्रमाणे माझ्या खांद्यावर सोनेरी काठाची पोन्नाडै शाल घातली. मी घरी येऊन ती शाल पांघरून सरसाबाईंपुढे राणीसारखी चालून दाखवली. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "आतां सिंहासन कोठ ठेवणार? वर जागा नाही."

पुढच्या वर्षी सरसाबाईंच्या पोटात गाठ निघाली. चांगली नव्हती. उपचार सुरू झाले. हॉस्पिटलच्या एसीत त्यांना हुडहुडी भरायची म्हणून ती शाल मी त्यांना दिली. आणि डॉक्टरांनी दर दीड महिन्याने रक्तातली एक खूण तपासायला सांगितली, की आकडा चढला तर औषध लागू पडत नाही, थांबला किंवा उतरला तर पडतंय. तेव्हा कुठली प्रयोगशाळा चांगली हे त्यांना कोणी सांगितलं? मीच. "माझी आहे ती," मी म्हणाले. "घरी येऊन रक्त नेतात आणि रिपोर्ट झटकन येतो." 'झटकन' मी चुटकी वाजवून म्हटलं होतं.

पहिला आकडा पाच हजारांच्या आसपास. घर शांत झालं. दुसरा त्याहून वर. मग मी विचारणं बंद केलं, कारण सरसाबाई आकडा सांगायच्या ऐवजी जेवण जालें कां विचारायच्या.

नवरात्र जवळ आलं होतं. एका शनिवारी दुपारी त्या स्वतः जिना चढून वर आल्या. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. हातात ताट, ताटात मैसूरपाक. मागे व्यंकोबराव, ताट पडलं तर धरायला हात पुढे करून.

"सांगली, नंबर थांबला!"

"काय?"

"थांबला म्हण्टें! वर जाईना. डॉक्टर सांगटले, हेंच औषध चालूं द्या, आतां तीन महिन्यांनीं या." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "बघ. तूं केलास तो कंपूटर. बघ."

पडद्यावर आलेख होता. रेघ तिरकी वर चढत गेलेली आणि मग एकदम आडवी, रांगोळीची पट्टी धरून ओढल्यासारखी. तीन ठिपके एका ओळीत. खाली तीन आकडे.

६५५३.५

६५५३.५

६५५३.५

"दशांशासकट तोच!" व्यंकोबराव म्हणाले. एवढं लांब वाक्य त्यांनी उत्साहाने बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "किती बरोब्बर यंत्र!"

पासष्ट हजार पाचशे पस्तीसबरोबर ज्या बाईने आयुष्य काढलं, तिला तो दशांशाचं टोपडं घालून आला तरी ओळखू येतो. माणसाचं रक्त तीनदा तोच आकडा देत नाही. काठोकाठ भरलेलं भांडंच देतं.

सरसाबाईंनी ताट पुढे केलं. "घे. दोन घे."

मी दोन घेतले. तोंडात टाकले. आणि म्हणाले, "छान झालं हो!"

हे मी तुम्हाला अभिनयाशिवाय सांगते आहे. आयुष्यभर नाटकं केली, पण तेवढं चांगलं नाटक ना आधी वठलं, ना नंतर.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी मी दारात होते. यंत्रांनी पाठवलेल्या मूळ फायली आम्ही जपून ठेवतो. उघडल्या. पहिल्या ६५५३.५च्या मागे खरा आकडा सात हजारांच्या वर होता. दुसऱ्याच्या मागे बारा हजारांच्या जवळ. तिसऱ्याच्या मागे एकोणीस हजार. थांबला नव्हता. धावत होता, आणि मी त्याच्या वाटेत भिंत बांधून ठेवली होती. तोच आकडा आणखी सहा जणांच्या नावापुढेही होता. भांडं बदलायला मला चार मिनिटं लागली. डेटाबेसला पुन्हा ओरडायची मुभा द्यायला एक.

मग मी आमचे साहेब सेल्वम यांच्याकडे गेले. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"प्रयोगशाळेला आत्ता कळवतो," ते म्हणाले. "ते सातही जणांना सुधारित अहवाल पाठवतील."

"एक माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. मी आजच सांगते."

"मॅडम, काय म्हणून सांगणार? त्यांचा खरा आकडा तुम्हाला कसा कळला? कामासाठी दिलेली किल्ली वापरून तुम्ही शेजाऱ्याचं कपाट उघडलंत. आज चांगल्यासाठी. उद्या कोणी वाईटासाठी उघडेल. पद्धत असते ना?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. खोटं असतं तर मी भांडले असते. खरं होतं म्हणून मी त्याच्या मागे लपले.

प्रयोगशाळा म्हणाली, दोन दिवसांत. मग म्हणाली, वकिलांना विचारतो. मग म्हणाली, पत्राचा मजकूर ठरतो आहे. मी रोज सकाळी सेल्वमच्या टेबलापाशी उभी राहायची आणि ते मान हलवायचे. रोज संध्याकाळी घरी जिन्याखाली सरसाबाई भेटायच्या. गोलू मांडायचा होता. नवरात्रात इथे घरोघर पायऱ्या करून त्यावर बाहुल्या मांडतात. आदल्या वर्षी आजारपणात त्यांनी तीनच पायऱ्या केल्या होत्या.

"औंदा नऊ," त्या म्हणाल्या. "सांगली, ती फळी धर."

मी फळी धरली. मग दुसरी. कागदात गुंडाळलेल्या बाहुल्या सोडवून देत बसले. त्या प्रत्येक बाहुलीची गोष्ट सांगत होत्या आणि थकल्या की थोडं बसून पुन्हा उठत होत्या. एकदा म्हणाल्या, "तूं आजकाल बोलत नाहींस. ऑफिसांत कोणी सतावतें?" मी म्हटलं, "दात दुखतोय." तर लवंग आणून दिली.

भांडं बदलायला चार मिनिटं लागली. जिना उतरून दोन वाक्यं बोलायला अकरा दिवस.

अकराव्या दिवशी सरसाबाई देवळात गेल्या होत्या. व्यंकोबराव पुढच्या व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी समोरच्या पायरीवर बसले आणि सांगितलं. भांडं, काठ, कोंबलेला आकडा, खरा आकडा. त्यांनी पेपराची घडी घातली, पुन्हा घातली, पुन्हा घातली, पुस्तकाएवढी होईपर्यंत.

"म्हणजे काटा टेकला," ते म्हणाले.

"काय?"

"आमच्या तबकडीला शेवटास खुंटी होती. वाघीण फार भरली, कीं सुई जाऊन खुंटीस टेकायची. तेथून पुढें वजन कितीही असो, सुई तेथेंच. नवा माणूस तो आकडा लिहायचा. मी त्यास मारायला धांवायचों. आकडा लिहूं नको! 'काटा टेकला' म्हणून लिही! मग वाघीण बाजूस काढून, माल उतरवून, परत वजन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या कंपूटरांत तसें लिहायला जागा नव्हती?"

सव्वीस वर्षांत मला विचारला गेलेला हा सर्वांत साधा प्रश्न. मी म्हटलं, "नव्हती. मी ठेवली नाही."

"सरी." मग म्हणाले, "तीन वेळां तोच आकडा. मी बघटलों. छत्तीस वर्षें काटा बघणारा माणूस मी. घरीं आल्यावर काय जालें मला?"

मला त्यांना सांगायचं होतं, की तुमचा काही दोष नाही, तुम्ही काटा बघत नव्हता, बायकोकडे बघत होता. पण तेवढं बोलायचा अधिकार मला उरला नव्हता.

"कधीं कळलें तुला?" त्यांनी विचारलं.

"मैसूरपाकाच्या दिवशी."

ते बोटांवर मोजायला लागले. दोन्ही हातांची दहा बोटं संपली, पुन्हा पहिल्या बोटावर येऊन थांबले. "अकरा," म्हणाले. त्यावर त्यांनी "सरी" म्हटलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच घडलं. प्रयोगशाळेचं पत्र आणखी पाच दिवसांनी आलं, "सुधारित अहवाल" एवढंच लिहिलेलं. तोवर व्यंकोबराव पत्नीला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले होते. औषध बदललं. मी डॉक्टरांना एकदा गाठून विचारलं, पहिल्याच वेळी खरा आकडा दिसला असता तर? ते म्हणाले, औषध तेव्हाच बदललं असतं, पण त्याने काय झालं असतं ते सांगता येत नाही. आणि ते अकरा दिवस? "अकरा दिवसांनी काही फरक पडत नाही, मॅडम." वैद्यकात पडत नसेल.

नऊ पायऱ्यांचा गोलू मात्र मांडला गेला. पहिल्या दिवशी कुंकवाला मी जावं की नाही, या विचारात जिन्यात उभी होते. आतून आवाज आला, "सांगली, ये आंत. पाय दुखतात कां तुझे?"

त्या खुर्चीत बसल्या होत्या, माझी शाल गुडघ्यांवर. मला जवळ बोलावलं, कपाळाला कुंकू लावलं आणि डोळे मिचकावून आल्यागेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझा आकडा एवढा मोठा, एवढा मोठा, कीं हिच्या कंपूटरांत मावला नाहीं! येवढी मोठी कंपनी, आणि भांडें बघ, चमच्यायेवढें!"

बायका हसल्या. ज्या घरात मीच सगळ्यांना हसवायची, तिथे त्या दिवशी ते काम त्यांनी केलं, आणि मला हसायला जमलं नाही.

पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आधी त्या गेल्या. शाल व्यंकोबरावांनी धुऊन, घडी घालून माझ्या दाराशी ठेवली. त्यावर चिठ्ठी नव्हती.

त्या प्रयोगशाळेचं काम अजून माझ्याकडेच आहे. काढून घेतील असं वाटलं होतं, पण अहवाल दोन सेकंदांत उघडतात ना, मग कशाला काढतील! आता भांडी मोठी आहेत. खरं सांगू? वेळ तेवढाच लागतो, फार तर एखादा क्षण जास्त. ज्या क्षणासाठी मी ते सगळं केलं होतं, तो कोणाच्या लक्षातही आला नसता.

निकालाच्या रकान्याशेजारी मी आणखी एक रकाना ठेवला आहे. एका अक्षराचा, सर्वांत लहान भांडं. तपासणीच्या यंत्रालाही स्वतःची खुंटी असते. आकडा तिथे जाऊन टेकला, की हा रकाना भरतो, अहवाल अडतो, आणि तंत्रज्ञ नमुना पातळ करून पुन्हा मोजतो. खरा आकडा आला की प्रयोगशाळेने त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, असा नियम मी त्यांच्याकडून लेखी घेतला. रकान्याचं नाव 'काटा'. ऑफिसातली नवी तमिळ मुलं विचारतात, मॅडम, हा कुठला शब्द? मी सांगते, तंजावरचा.

मी तो कामावर पोचले की आधी बघते. बहुतेक दिवशी रिकामा असतो.

व्यंकोबरावांना मी या रकान्याबद्दल एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून संध्याकाळी मी परतले की व्हरांड्यातून विचारायला लागले. जेवण जालें कां हे विचारणारं आता त्या घरात कोणी नाही. त्याऐवजी ते विचारतात, "आज काटा?"

"रिकामा."

"सरी." आणि पेपर वर.

रोज हे एवढंच. त्याहून जास्त आम्ही बोलत नाही. मी किस्से सांगत नाही, ते मागत नाहीत.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आज काटा?"

मी म्हटलं, "एक."

पेपर खाली आला. "कोण?"

"नाव मी बघत नाही."

"सांगटलें कां त्यांस?"

"हो. परत मोजलं आणि डॉक्टरांना फोन केला."

"कधीं?"

"आजच. त्याच दिवशी."

ते उठले.

"त्याच दिवशीं," ते म्हणाले आणि आत गेले.